कापडी पिशवीच्या पोटातले प्लास्टिक

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मंडईत बंदी असलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पकडल्या, इतका माल जप्त केला, इतक्या विक्रेत्यांना दंड केला, अशी बातमी आपल्या वृत्तपत्राच्या आतल्या पानावर वर्षातून चार-पाच वेळा तरी वाचायला मिळते. गेल्या महिन्यातही ती होती. सोबत छायाचित्र होते : पुढे पिशव्यांची बोचकी, मागे ओळीने उभे राहिलेले कर्मचारी. कारवाईबद्दल माझी तक्रार नाही. कायदा केला आहे तर तो बजावलाही गेला पाहिजे. मात्र त्या छायाचित्रात पिशवी मागणारे गिऱ्हाईक कधीच दिसत नाही, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे आपण वाचकच असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी सांगलीचा रहिवासी असून पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. सकाळची भाजी आणणे हे आता माझ्याकडे आलेले काम. मंडईबाहेर रस्त्याच्या कडेला पोते अंथरून पालेभाजी विकणाऱ्या एका बाईंकडून मी नेहमी भाजी घेतो. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे उभा असताना एका तरुणाने दुचाकी बंद न करताच मेथीच्या दोन पेंड्या आणि पावशेर मिरची मागितली. "पिशवी न्हाई व्हय आणली?" असे बाईंनी विचारताच "कॅरीबॅग नसेल तर राहू द्या" म्हणून तो चार पावलांवरच्या दुसऱ्या विक्रेत्याकडे गेला आणि तिथून पातळ पिशवीत तीच भाजी घेऊन निघूनही गेला. बाईंनी बसल्या जागी पोत्याची कड उचलून मला खालचा पिशव्यांचा गठ्ठा दाखवला. "काका, ह्येचं पैसं मलाच पडत्यात. पर न्हाई दिली तर गिराईक पलीकडं जातंय, आन् माझी मेथी दुपारपतूर मान टाकती." पहिल्या गुन्ह्यासाठी पाच हजार रुपये दंड आहे, त्या पोत्यावरची सगळी भाजी विकली तरी तेवढी रक्कम उभी राहणार नाही. मागणी त्या तरुणाची, खर्च बाईंचा आणि दंडही बाईंनाच, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडे कायद्यांची वानवा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबईची गटारे प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेली सर्वांनी पाहिली, तेव्हा राज्याला या प्रश्नाची खऱ्या अर्थाने जाग आली. पुढच्याच वर्षी अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा राज्याचा अधिनियम झाला. त्याच अधिनियमाखाली २३ मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांची मुदत संपल्यावर २३ जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या वस्तूंची यादीच बंद केली : कान कोरण्याच्या प्लास्टिकच्या काड्या, फुग्यांच्या काड्या, स्ट्रॉ, ताटल्या, पेले, चमचे, सजावटीचे थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरचे पारदर्शक वेष्टन, असे पुष्कळ काही.

पिशवीच्या जाडीचा प्रवास तर पाहण्यासारखा आहे. १९९९ मध्ये केंद्राच्या नियमात किमान जाडी २० मायक्रॉन होती. ती २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० झाली. यामागचा विचार चुकीचा नाही. जाड पिशवी दुकानदाराला महाग पडते, त्यामुळे ती फुकट वाटली जात नाही, आणि फेकली गेली तरी तिला वजन असल्यामुळे कचरावेचक ती उचलतो. पण मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो चिमटीत धरून ना बाईंना कळतो, ना मला. "ही जाड आहे, चालते" असे सांगून दुकानदार जी पिशवी पुढे करतात, तिच्याबाबत एवढेच सांगतो की राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेने हाताच्या पिशव्यांना, मग त्यांना धरायचे बंद असोत की नसोत, जाडीची सवलत ठेवलेली नव्हती. आणि त्या अधिसूचनेत उत्पादन, साठवणूक, विक्री, वाहतूक यांच्या बरोबरीने आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे 'वापर'. तो आपल्यासाठी आहे.

नदीच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या खात्यात आयुष्य गेल्यामुळे एक दृश्य मनातून जात नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर काठाने फिरताना बाभळींच्या आणि करंजांच्या फांद्यांना चिंध्यांसारख्या पिशव्या लटकलेल्या दिसत होत्या, आणि गंमत अशी की त्या जवळपास एकाच उंचीवर होत्या. पूर कुठपर्यंत चढला होता हे सांगायला वेगळ्या मोजपट्टीची गरजच उरली नव्हती. त्यातल्या काही पिशव्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच होत्या.

आपल्या बोलण्यातही हा बदल मुरला आहे. पूर्वी 'पिशवी' म्हणजे घरून न्यायची वस्तू होती. आता दुकानात मिळते ती 'कॅरीबॅग'. दोन शब्द झाले आणि त्यांबरोबर जबाबदारीही हस्तांतरित झाली : पिशवी आणायला गिऱ्हाईक विसरले तर चूक त्याची होती, कॅरीबॅग नसली तर चूक दुकानदाराची. पावसाळ्यात छपरावर टाकायच्या ताडपत्रीला आपण 'प्लास्टिकचा कागद' म्हणतो, तेही मला आता खटकते; कागद म्हटले की तो कुजेल असे वाटू लागते. असो.

एवढे लिहिल्यावर माझ्या घराचा हिशेब देणे भाग आहे, कारण तो माझ्या अपेक्षेप्रमाणे निघाला नाही. मी वर्षानुवर्षे कापडी पिशवी घेऊन बाजारात जातो आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. सून एकदा सहज म्हणाली, "बाबा, तुमची पिशवी कापडी असते, पण तिच्यातून बाहेर काय काय निघतं ते बघा ना एकदा." म्हणून गुढीपाडव्यापासून एक महिना घरात आलेले सगळे प्लास्टिक धुऊन, वाळवून मागच्या पडवीत एका पोत्यात साठवायचे ठरवले. महिन्याच्या शेवटी जुनी चादर अंथरून पोते उपडे केले, तेव्हा समोर जो ढीग पडला तो पाहून आम्ही तिघेही जरा गप्पच झालो. माणसे पाच, आणि ढीग गुडघ्याएवढा.

त्या ढिगात हाताच्या पिशव्या फक्त नऊ होत्या. ज्या पिशवीवर एवढे कायदे आणि एवढ्या बातम्या, तिचा वाटा आमच्या घरात सर्वांत लहान निघाला. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या चौसष्ट होत्या. साखर, रवा, पोहे, डाळी, शेंगदाणे यांची पाकिटे एकेचाळीस. घरपोच आलेल्या सामानाची चिकटपट्टीवाली पाकिटे चौदा. हॉटेलातून आणलेल्या इडलीबरोबरच्या चटणी-सांबाराच्या गाठ मारलेल्या पुड्या आणि पातळ डब्या मोजायचा कंटाळा आला. सर्वांत मोठा आकडा नातवंडांच्या आणि खरे सांगायचे तर माझ्याही खाऊचा : बिस्किटे, वेफर्स, फरसाण, भडंग मिळून एकशे अठरा वेष्टने. भडंग हा सांगली-जयसिंगपूरचा अभिमान. माझ्या लहानपणी तो कागदाच्या शंकूत मिळायचा आणि घरी पोचेपर्यंत निम्मा संपलेला असायचा.

भंगारवाल्याला बोलावून ढीग दाखवला. त्याने दुधाच्या पिशव्या, बाटल्या आणि डब्या घेतल्या. त्या स्वच्छ आणि कोरड्या असल्यामुळे त्याने तक्रार केली नाही. खाऊची वेष्टने मात्र त्याने हातानेच बाजूला सारली. "ह्याला कोण विचारत न्हाई," असे तो म्हणाला. यामागचे कारण साधे आहे. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, ती वितळवून पुन्हा वापरता येते. वेफर्सच्या चकाकत्या पुड्यात मात्र प्लास्टिकचे दोन-तीन वेगवेगळे थर आणि त्यांच्यात अॅल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना असा चिकटवलेला असतो की तो सुटा करणे कोणालाच परवडत नाही. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि त्यांच्या कामाला प्रतिष्ठा मिळू लागली, ही मोठी गोष्ट आहे. पण ज्या वस्तूला बाजारात किंमतच नाही, ती त्यांनी तरी कुठवर उचलावी? पुनर्वापर होईल या आशेवर आपण जे निर्धास्तपणे विकत घेतो, त्यातला बराचसा भाग त्या वाटेला जातच नाही. म्हणून माझ्या मते या प्रश्नाचा निकाल कचऱ्याच्या डब्याशी नव्हे, तर घरातून निघताना उंबऱ्यावर आणि दुकानात काट्यासमोर लागतो.

उरलेल्या वेष्टनांचे काय केले, असे कोणी विचारील. अजूनही पुष्कळ घरांत त्यांचा उपयोग अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला होतो. काड्या ओल्या असल्या की दुधाची पिशवी झटकन पेटते, हे खरे. पण त्या धुराचा वास ज्याने घेतला आहे त्याला तो विषारी आहे हे वेगळे सांगायला नको. त्यात पीव्हीसी या क्लोरीन असलेल्या प्लास्टिकचा तुकडा असला तर त्या क्लोरीनमुळे आणखी घातक वायू तयार होतात, आणि बंबापाशी बहुधा घरातली बाईच बसलेली असते. आम्ही ती वेष्टने सुक्या कचऱ्यात घंटागाडीला दिली, यापलीकडे काही करू शकलो नाही.

त्यानंतर काय बदलले तेही लिहितो, म्हणजे उपदेश करतो आहे असे कोणाला वाटायला नको. सर्वांत सोपा बदल दुधाचा ठरेल असे वाटले होते, तोच सर्वांत अवघड गेला. गवळ्याकडे रतीब लावला, किटली दारात ठेवू लागलो. पहिल्या आठवड्यात तो दोनदा उशिरा आला आणि घरात बिनदुधाचा चहा झाला. मे महिन्यात एकदा दूध नासले. पत्नीने "तुमच्या पर्यावरणापायी" अशी सुरुवात करून जे ऐकवले ते इथे छापण्याजोगे नाही. आता रतीब सुरळीत आहे, साय जाड येते म्हणून तक्रारीही थांबल्या आहेत, आणि अडीअडचणीला महिन्यातून सात-आठ पिशव्या येतात. ज्यांना पिशवीचेच दूध घ्यावे लागते, त्यांनी निदान कोपरा कापताना तो पूर्ण तोडून टाकू नये, पिशवीला लटकता ठेवावा. नखाएवढा तो तुकडा कोणत्याही कचरावेचकाच्या हाती लागत नाही, आणि एका शहरात रोज असे किती तुकडे गटारात जात असतील याची कल्पना करावी. २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीची किमान पन्नास पैशांना परतखरेदी करण्याची तरतूद होती. आमच्या गल्लीत ती पन्नास पैशांची परतफेड मिळालेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

किराण्याचे जमले. गणपती पेठेतल्या एका जुन्या दुकानात डाळी, तांदूळ, शेंगदाणे अजून पोत्यातून सुटे मिळतात. घरातल्या जुन्या धोतरांच्या लहान पिशव्या पत्नीने शिवल्या आणि लाल दोऱ्याने त्यांवर 'तूर', 'मूग', 'पोहे' अशी नावे काढली. हळद-तिखटासाठी आम्ही स्टीलचे डबे नेतो. दुकानदार आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणतो आणि मग माल भरतो. यात अर्धे मिनिटही जात नाही, तरी पहिल्या दिवशी त्याचा नोकर आमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहत होता. तेलासाठी आम्ही शेजाऱ्यांबरोबर मिळून पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आणतो आणि निम्मा-निम्मा वाटून घेतो. रिकाम्या डब्याला पुन्हा गिऱ्हाईक मिळते, हा त्यातला आणखी एक फायदा.

मटण-मासळीला झाकणाचा डबा नेणे कठीण नाही. खाटकालाही त्यात सोय वाटते. हॉटेलात मात्र अनुभव वेगवेगळे आले. एका ठिकाणी डबा पुढे करताच "आमच्याकडे बाहेरचं भांडं चालत नाही, स्वच्छतेचा प्रश्न आहे" असे उत्तर मिळाले आणि त्याच श्वासात उकळते सांबार पातळ पिशवीत ओतून तिला रबर लावून देण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी मालकाने डबा घेतला, भरला आणि वर दोन इडल्या जास्त घातल्या. मी आता दुसरीकडे जातो.

खाऊच्या आघाडीवर हार मान्य करतो. घरी शेव आणि चिवडा होऊ लागला, सुट्या फरसाणासाठी डबा जाऊ लागला, तरी पुन्हा एक महिना मोजल्यावर आकडा ऐंशीच्या खाली आला नव्हता. आणि काही गोष्टींच्या वाटेला जायचेच नाही असे आम्ही ठरवले आहे. औषधांच्या गोळ्यांची पाकिटे टाळता येत नाहीत. माझी आई शेवटचे वर्ष अंथरुणावर होती. त्या काळात तिच्यासाठी जे डायपर आणि मेणकापड लागले, ते लागलेच. घरात आजारी माणूस किंवा तान्हे मूल असताना कोणी कोणाला प्लास्टिकवरून बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या घरातली साधी गंमत अशी की जे टाळणे अशक्य होते ते ढिगात थोडे होते, आणि जे सहज टाळता आले असते तेच जास्त होते.

आता थोडे वेषांतर केलेल्या प्लास्टिकबद्दल, कारण सद्भावनेने वागणारी माणसे इथेच फसतात. लग्नकार्यात आहेराबरोबर हल्ली रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या देतात आणि त्यांवर बहुतेक वेळा 'पर्यावरण वाचवा' असेही छापलेले असते. जवळून पाहिले तर तिला ताणा-बाणा नसतो, सगळीकडे दाबलेल्या बारीक ठिपक्यांची नक्षी असते. ते कापड नव्हे, पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लास्टिक आहे. शंका असल्यास कडेचा एक धागा उपसून काडेपेटीच्या ज्योतीपाशी धरावा : सुती धागा जळून राख होतो आणि कागद जळल्यासारखा वास येतो, हा धागा आकसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. गॅलरीत खुंटीला अशी पिशवी दोन उन्हाळे टांगून ठेवली की हात लावताच तिचा भुगा होतो. तो भुगा नाहीसा होत नाही, फक्त वेचता न येण्याइतका लहान होतो. केंद्राच्या नियमातही अशा पिशव्यांना दर चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट आहे, ती उगीच नव्हे.

चहाच्या कागदी कपाचे तसेच. कागद ओला होऊन फाटू नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचा पापुद्रा दिलेला असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटे राहिले, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. टपरीवरचा काचेचा ग्लास एकाच बादलीत विसळतात, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर माझा उपाय म्हणजे दुचाकीच्या डिकीत एक स्टीलचा पेला. टपरीवाला हसतो आणि त्यात चहा देतो. भंडाऱ्यात-महाप्रसादात वापरतात ते चंदेरी द्रोणही वर चकाकी, खाली पुठ्ठा आणि त्यांना जोडणारा प्लास्टिकचा पातळ थर असेच असतात. पळसाच्या पानांची पत्रावळ अजून बाजारात मिळते, पण मागावी लागते.

पूर्वीचे सगळे चांगले होते, असे म्हणणाऱ्यांच्याही मी बाजूचा नाही. वाणी रद्दीच्या कागदात साखर बांधून वर पांढरा दोरा गुंडाळून द्यायचा, ती आठवण मलाही गोड वाटते. पण छपाईच्या शाईत अन्नात जाऊ नयेत असे पदार्थ असतात, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली आहे. आपल्या अंकावर गरम भजी ठेवून दोन्हींचा आस्वाद घेणाऱ्या वाचकांनी मला क्षमा करावी. तसेच, प्लास्टिक सोडायचे म्हणून दहा नव्या सुती पिशव्या विकत आणणे हाही शहाणपणा नव्हे. कापूस पिकवायला पाणी लागते, खत लागते, फवारणी लागते. ती पिशवी शेकडो वेळा वापरली तरच तो खर्च भरून निघतो. घरात जुने कापड असताना नवे का घ्यावे?

यावरूनच एक प्रयोग सुचला. तामिळनाडूत डिसेंबर २०२१ पासून सरकारने 'मंजप्पै' म्हणजे जुन्या वळणाची पिवळी कापडी पिशवी पुन्हा प्रचारात आणली आणि बाजाराच्या जागी दहा रुपयांत ती देणारी यंत्रे बसवली. आमच्याकडे यंत्र नाही, पण भाजीवाल्या बाई आहेत. आईच्या पेटीत तिची इरकली लुगडी होती. त्यांतली विरलेली पाच, पत्नीच्या काही जुन्या साड्या आणि शेजारणींनी बोहारणीला द्यायची म्हणून बाजूला काढलेली कापडे मिळून चाळीस पिशव्या झाल्या. त्या बाईंकडे ठेवल्या आहेत. पिशवी विसरलेल्याने दहा रुपये ठेवायचे, पिशवी न्यायची, परत आणली की पैसे परत. नाही आणली तर दहा रुपये बाईंचे. तीन आठवड्यांत एकोणतीस पिशव्या गेल्या आणि अकरा परत आल्या. न आलेल्यांपैकी काही तरी घरोघर वापरात असाव्यात, असा माझा समज आहे. मुख्य म्हणजे पिशवी नाही म्हणून निघून जाणारे गिऱ्हाईक आता पूर्वीइतके निघून जात नाही, असे बाई सांगतात. पोत्याखालचा गठ्ठा अजून आहे, पण तो त्यांनी महिनाभरात नव्याने घेतलेला नाही.

आपल्याला विनंती एवढीच की जप्तीच्या बातमीबरोबर कधी तरी आपल्या शहरातल्या अशा दुकानांची, हॉटेलांची आणि विक्रेत्यांची यादीही छापावी, जिथे घरचा डबा आणि घरची पिशवी कुरकुर न करता स्वीकारली जाते. वाचक ती आनंदाने पाठवतील. माझ्याकडची सात नावे मी सोबत जोडत आहे. आणि पावसाळ्यात अंक भिजू नये म्हणून आमचा पेपरवाला तो पारदर्शक पिशवीत घालून टाकतो, त्याऐवजी मी दाराशी पत्र्याची पेटी बसवली आहे. ही सूचना इतर वर्गणीदारांना करता आली तर पाहावे.

परवा विश्रामबागच्या चौकात सिग्नलला थांबलो असताना पुढच्या दुचाकीच्या आकड्याला एक पिशवी अडकवलेली दिसली. कांद्याची पात बाहेर आली होती आणि पिशवीच्या तोंडाशी इरकलीचा तांबडा काठ होता. गाडीवरचा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
सांगली